दुपारी बाराचा फोन

फोन बारा वाजता येतो.
आज अकरा पन्नासलाच आला.
हनोईचा आवाज, सर्दी झालेला,
"चाळीस टक्क्यांनी खाली या."
मी हो म्हणते, वहीत वेळ लिहिते
आणि माउसच्या एका टिचकीत
आमच्या वाट्याचं जवळजवळ निम्मं ऊन
बंद करते.

खिडकीबाहेर काहीच बदलत नाही.
तीन लाख काचा तशाच वर बघत उभ्या,
त्यांना कुणी कळवलेलं नाही.
खाली सावलीत मेंढ्या दाटीवाटीने बसल्यात
आणि चामालेआ म्हातारा, टोपी तोंडावर, पाय पसरून.
गवत कापायचा खर्च वाचतो
म्हणून कंपनी त्याला आत येऊ देते.
सावलीचं भाडं अजून कुणी लावलेलं नाही.

इथला वारा झपाटलेला, ऊन भाजून काढणारं,
असं जुनी माणसं म्हणत, शिवी दिल्यासारखं.
या उन्हापायीच माझे दोन मामा
कॉफीच्या मळ्यांत गेले, परतले नाहीत.
मग हेल्मेटवाली माणसं आली,
म्हणाली, सोनं आहे तुमच्या डोक्यावर.
दोन वर्षांत डोंगराच्या पायथ्यापर्यंत काचा.
तारा मात्र
वरातीमागून घोडं.
मनोऱ्याचे चार पाय
एका द्राक्षबागेच्या कज्ज्यात अजून उभे राहायचेत.

माझा भाऊ तुएन उत्तरेत असतो, बाक ज्यांगला,
इथून बाराशे किलोमीटर.
फोनचे कॅमेरे तपासतो, दिवसाला नऊशे.
जूनमध्ये तिकडची धरणं आटली,
कारखान्याने पाळी रात्रीवर ढकलली,
आणि दिवसा, पत्र्याखालच्या खोलीत,
पंखा थांबलेला.
त्याने फोटो पाठवला:
त्याची बायको फोनच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन
बाळाला वारा घालतेय.
खोक्यावर नव्या मॉडेलचं नाव, चकचकीत.
"ताई, तुझ्याकडचं थोडं पाठव ना,"
खाली हसरा चेहरा.
फोटोवरची वेळ, बारा वाजून चार मिनिटं.

मी वही उघडून पाहिली नाही.
पाहायची गरज नव्हती.

आई मडकी घडवते. चाकावर नाही,
बाउ त्रुकमध्ये चाक कुणाकडेच नाही.
मडकं जागेवर राहतं, बाई त्याच्याभोवती फिरते,
कमरेत वाकून, उलट्या पावलांनी.
टेकडीवरच्या पवनचक्क्या पहिल्यांदा फिरल्या तेव्हा
ती बराच वेळ बघत राहिली.
"एवढं फिरतात," म्हणाली, "आणि घडत काहीच नाही?"
मी समजावलं. तारेतून जातं, दिसत नाही.
त्या रात्री जेवताना तिने विचारलं,
"मग दुपारी तू बंद करतेस ते ऊन
ठेवतेस कुठे?"

भाताचा घास हातातच राहिला.
साठवायची बॅटरी, तिची किंमत, परवानगी, निविदा
हे सगळे शब्द मला येतात.
तिच्या भाषेत, आमच्या चाम बोलीत,
त्यातला एकही नाही.
"ठेवत नाही," मी म्हटलं.
तिने आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.
उरलेलं काही टाकून देणं
या घरात कधी झालेलं नाही.

संध्याकाळी साडेपाचला पुन्हा तोच आवाज, तीच सर्दी:
"आता जेवढं असेल तेवढं सोडा."
मी पडद्याकडे बघते.
जेवढं असेल तेवढं म्हणजे बोटभर.
म्हातारा मेंढ्या मोजत फाटकाबाहेर निघालाय,
काचांवर तांबूस पाणी चढल्यासारखं,
आणि देशभर याच मिनिटाला
कोट्यवधी हात भिंतीवरच्या बटणाकडे जातायत.
"वारा आहे का तुमच्याकडे?" तो विचारतो,
शेजाऱ्याकडे साखर मागावी तसा.
"आहे," मी म्हणते. "आज आहे."

साडेनऊला तुएनचा संदेश. आली.
बाळ झोपलं.
ती वीज इथल्या वाऱ्याची, की कुठल्या कोळशाची,
तारेला विचारून कळत नाही.

अंगणात आई पेंढा रचतेय,
उद्याच्या भट्टीसाठी. ओला बोट वर धरते,
वारा कुठून येतो ते बघते.
"पहाटे पेटवू," म्हणते. "दुपारी नको.
दुपारी तुझा फोन येतो."